प्रॅक्टिकलमधून ७४१ काढायची वेळ आली आहे का?

भट्टीवाला_शिरोली
शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचे कंट्रोलर दुरुस्त करतो. नवा डिप्लोमावाला पोरगा कामाला लागलाय. के-टाइप थर्मोकपलसाठी (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) त्यानं ॲम्प्लिफायरचं सर्किट काढलं, त्यात ७४१, म्हणजे सिग्नल वाढवणारी जुनी ऑप-ॲम्प चिप. का रे? तर म्हणे, "कॉलेजात तोच होता, सर."

के-टाइप एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. साध्या ७४१ चा ऑफसेट, म्हणजे इनपुटवरची चिपची स्वतःची चूक, ६ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणजे जवळजवळ १४६ अंशांची चूक! ८५० अंशांच्या भट्टीत अख्खा माल वाया. तिथं ओपी०७ हा नेमका ऑप-ॲम्प लागतो. त्याच्या ई ग्रेडचा ऑफसेट फार तर ७५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे दोन अंशांच्या आत. ७४१ हा १९६८ चा, फेअरचाइल्डचा. त्याचा मान ठेवू, पण पोरांना एलएम३५८ या ऑप-ॲम्पपासून शिकवा.

स्कोप_प्रोब
दादा, लॅबमध्ये रोज पोरांसोबत उभी असते म्हणून बोलते. एलएम३५८ चा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत जातो. तुमच्या भट्टीत तोही नापासच.

७४१ चे दोष डोळ्यांना दिसतात, म्हणून मला तो हवा. स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलायचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह आउटपुटला घ्या आणि फ्रिक्वेन्सी वाढवत न्या: ८ किलोहर्ट्झच्या पुढं वेव्ह त्रिकोणी व्हायला लागते. फळ्यावर दहा वेळा सूत्र लिहून जे कळत नाही, ते तिथं पोरांना एका मिनिटात कळतं.

भट्टीवाला_शिरोली
ताई, ऑफसेटचं मान्य, ती माझी चूक. पण पोरं आज ५ व्होल्टवर प्रोजेक्ट करतात. ७४१ ला प्लस-मायनस सप्लाय लागतो. एलएम३५८ एकाच सप्लायवर चालतो, इनपुट ग्राउंडपर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टपर्यंत चालतं.

रसाचा_पीएच
मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला. दोघंही इनपुट करंट विसरलात. पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स १०० मेगओहम धरा. ७४१ चा बायस करंट, म्हणजे इनपुट पिनेतून वाहणारा करंट, ८० नॅनोअँपिअर. गुणाकार करा, ८ व्होल्ट! आणि पीएच एकानं बदलला तर सिग्नल हलतो जेमतेम ५९ मिलिव्होल्ट. जेफेट ट्रान्झिस्टरचं इनपुट असलेल्या टीएल०८१ ऑप-ॲम्पला ६५ पिकोअँपिअर धरले तरी साडेसहा मिलिव्होल्टची चूक राहते. तिथं सीमॉस (CMOS) ट्रान्झिस्टरचा ऑप-ॲम्पच हवा, एमसीपी६००२ सारखा, एक पिकोअँपिअरच्या आसपासचा. सेन्सर काय आहे हे आधी विचारायला शिकवा, चिप नंतर.

स्कोप_प्रोब
हे पटलं. मग एकाच ब्रेडबोर्डवर, एकाच जागी आळीपाळीनं ७४१, टीएल०८१ आणि ओपी०७ बसवा. इनपुट, आउटपुट, सप्लायच्या पिना तिन्हींच्या सारख्या. ऑफसेट नलचा पॉट (ऑफसेट शून्य करायचा बदलता रेझिस्टर) मात्र आधी काढा, ओपी०७ ची ती जोडणी वेगळी आहे. टीएल०८१ चा स्लू रेट १३, वेव्ह ताठ राहील. आणि तुमचा लाडका ओपी०७, दादा, ०.३ चा. ७४१ पेक्षाही मंद.

भट्टीवाला_शिरोली
भट्टी कुठं पळते, ताई? तापायलाच तिला तास लागतात. मंद चालतो, चुकीचा नाही चालत. तीन चिपांचं प्रॅक्टिकल मंजूर, पण पहिल्या दिवशी पोराच्या हातात ७४१ देऊ नका, एवढं माझं म्हणणं कायम.

स्कोप_प्रोब
आणि मी पहिला तोच देणार. त्रिकोण बघितल्याशिवाय पोरगं टीएल०८१ मागणारच नाही.