ओमान वाचायचा तर झांझिबारही वाचा

ओमानला जाण्याआधी काय वाचावं, असं विचारलं की इंग्रज प्रवासी थेसिगरच्या ‘अरेबियन सँड्स’ या वाळवंटातल्या प्रवासवर्णनाची शिफारस होते, ती योग्यच. पण ओमान समजून घ्यायला नुसतं वाळवंट पुरत नाही. हा दर्यावर्दी देश आहे. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास राजधानीच मस्कतहून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर हलवली. त्याची मुलगी सलमा, म्हणजे पुढची एमिली रुएटे, हिच्या आठवणी १८८६ मध्ये जर्मनमध्ये छापल्या गेल्या. जनान्यातलं रोजचं जगणं, गादीवरून भावाभावांतलं वैर, लवंगांच्या बागा, सगळं आतून पाहिलेलं. गुलामगिरीची ती बाजू घेते, ते फार खटकतं. तरी वाचाच.

आणि लगेच ओमानी लेखिका जोखा अल्हार्थी यांची ‘सेलेस्टियल बॉडीज’ ही कादंबरी घ्या (मूळ अरबी, २०१९ चं मॅन बुकर इंटरनॅशनल). ओमानात गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १९७० मध्ये. कादंबरीतली, मालकाच्या घराशी बांधली गेलेली गुलाम झरीफा आणि ते घर सोडून कुवेतला निघून जाणारा तिचा मुलगा, या दोघांमुळे सलमाने न सांगितलेलं बरंच कळतं.

फिरायला जाण्याआधी वेळ कमी असेल, तर ओमानच्या तेव्हाच्या सुलतानाच्या १९५५ च्या मोटारप्रवासावरचं, ब्रिटिश प्रवासलेखिका जॅन मॉरिस यांचं ‘सुलतान इन ओमान’ बघा. छोटं आहे.