चर्चचं कॉलेज, आणि डिफॉल्टर लिस्टीत पंचांचा मुलगा

झूलॉजीवाली_नगर
सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या अनुदानित कॉलेजात झूलॉजी शिकवते. सेट (प्राध्यापकांची पात्रता परीक्षा) पास होऊन, मुलाखत देऊन लागले, तरी स्टाफरूममध्ये 'तुमचं काय बाई, तुमचीच संस्था' ऐकावं लागतंच. सध्या दोन त्रांगडी आहेत. बुधवारी पावणेआठला चॅपल. बाकीच्यांना ऐच्छिक, पण 'तुम्ही आपल्यातल्या' म्हणून प्रार्थना चालवायला मी. आठला एसवायचं, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं, प्रॅक्टिकल. पाळकसाहेब रंगात आले की सव्वाआठ होतात, तोवर पोरं स्लाइडशी खेळत बसतात. प्रार्थनेला माझी ना नाही, घरी रोज करतेच.

दुसरं जड आहे. आमच्या चर्चच्या मंडळीचे एक पंच, म्हणजे कारभारी, कॉलेजच्या गव्हर्निंग बॉडीवर आहेत. त्यांचा मुलगा डिफॉल्टर लिस्टीत. जर्नल कोरं, हजेरी निम्मीसुद्धा नाही. रविवारी उपासना सुटल्यावर म्हणाले, 'आपल्या लेकरांना आपणच सांभाळायचं, बाई.' जर्नल सर्टिफाय करू का? नाही केलं तर पुढच्या रविवारी याच माणसांत बसायचंय.

वसईकर_निवृत्त
सही अजिबात नको. फादर लोकांच्या हाताखाली वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, बघून या. फादर ब्लॅटर जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातले), त्यांच्यामागून आलेले फादर सांतापाऊही जेझुइट. सांतापाऊंनी खंडाळ्याच्या वनस्पती पालथ्या घातल्या, पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. अंगात झगा, पण हर्बेरियम शीटवर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख. पंथाचा रकानाच नाही. (चांगल्या फादरला हे सांगावं लागत नाही. त्रास आपल्या भाविकांचाच!)

कायद्याचं_बोला
राज्यघटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क दिलाय, पोरांची हजेरी फुगवायचा नाही. आणि कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत उपासनेला बसणं संमतीनेच. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या शिक्षकाची वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ साली मुंबई हायकोर्टाने अशी सक्ती चालणार नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या बाजूनेही बघा. अनुदानित संस्थांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांचं म्हणणं होतं, आमचं दारिद्र्याचं व्रत, पगार धर्मसंघाला जातो, मग टीडीएस (पगारातून कापला जाणारा आयकर) कसला? २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. पगारपत्रकावर सगळे सारखे.

शेख_मॅथ्स
आमची संस्था मुस्लिम ट्रस्टची. जुम्म्याची वेळ सत्र सुरू होतानाच टाइमटेबलात मोकळी ठेवतात, मग कुणाचे कुणावर उपकार नाहीत. एचओडींना सांगून बुधवारचं प्रॅक्टिकल साडेआठला घ्या. हजेरीचं म्हणाल तर रमजान संपला की आमच्याकडेही येतात, 'सर, रोजे होते.' मी म्हणतो, माझेही होते, लेक्चर कुणी घेतलं?

झूलॉजीवाली_नगर
शेखसर, हे उत्तर मी उसनं घेणार! साडेआठला एचओडी तयार आहेत. पाळकसाहेबांनाही चाललं, उलट आता उपदेश वाढेल की काय, ही नवीन धास्ती. जर्नलवर सही केली नाही. लिस्टीतल्या सगळ्यांसाठी शनिवारी रिपीट बॅच लावली, नोटीस बोर्डावर आहे, त्यात त्याचंही नाव. पंचांना सांगायचं बाकी आहे. देवळाच्या पायरीवर नाही सांगणार. सोमवारी त्यांनी कॉलेजात यावं, मस्टर समोर ठेवते.