वॉर्डात दाखल असलेल्या भावाचा ताण कसा कमी करावा?

प्रश्नकर्ता (बीड जिल्हा):
माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियामुळे सध्या मनोविकार वॉर्डात दाखल आहे. गोळ्यांनी भास बरेच कमी झाले आहेत. परंतु भेटीची वेळ संपली की तो बेचैन होऊन येरझाऱ्या घालतो आणि रात्री झोपत नाही. गावाकडची मंडळी मायेनेच येतात, मात्र सोयाबीनचा भाव, सोयरीक, अर्धवट राहिलेला आयटीआय हे सगळे विषय त्याच्या खाटेभोवतीच निघतात. त्याला प्राणायाम शिकवावा का?

परिचारिका, लातूर:
प्राणायामाचे नंतर पाहू, आधी खाटेभोवतीची गर्दी हटवा. ब्रिटनमध्ये व्हॉन आणि लेफ यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या घरांत टीका, राग किंवा अतिकाळजी जास्त होती, तेथे परतलेल्या रुग्णांचा आजार उलटण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले होते. अतिकाळजी हा शब्द नीट वाचावा, कारण आपल्याकडे तीच माया समजली जाते. एका वेळी एक-दोघांनीच जावे, थोडा वेळ बसावे, लग्नाचा आणि नोकरीचा विषय काढू नये आणि त्याला ऐकू येणारे आवाज खरे की खोटे यावर वाद घालू नये. आमच्याकडे एक वडील भुईमुगाच्या शेंगा घेऊन येत आणि बापलेक फारसे न बोलता त्या फोडत बसत. त्या मुलाच्या भेटीनंतरच्या रात्री शांत जात. श्वासाचा व्यायाम करायचाच असेल, तर डोळे उघडे ठेवून श्वास सावकाश सोडण्यापुरताच करावा. डोळे मिटून दीर्घ ध्यान केल्याने काही रुग्णांचे भास वाढतात.

निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर:
येरझाऱ्या म्हणजे मनावरचा ताणच असे गृहीत धरू नका. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांमुळे अकॅथिसिया होऊ शकतो, म्हणजे पाय एका जागी ठरत नाहीत आणि बसवत नाही. ‘भीती वाटते की पायच स्थिर राहत नाहीत?’ असे त्याला सरळ विचारा आणि उत्तर डॉक्टरांना कळवा. मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन हा त्रास आटोक्यात आणता येतो, परंतु गोळी स्वतःहून बंद करू नये.

एका रुग्णाची आई, परभणी:
कोण आलेले चालेल, हे त्यालाच का विचारत नाही? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार दाखल असलेल्या व्यक्तीला भेटीस आलेल्यांना नकार देण्याचा अधिकार आहे. हे मला वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांनी सांगितले, घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. पायच स्थिर राहत नाहीत, असे त्याने सांगितले; उद्याच्या राउंडला डॉक्टरांच्या कानावर घालतो. आत्या आलेली चालेल, थोरले काका नकोत, हेही त्याने स्पष्ट केले. काकांना हे कोणत्या तोंडाने सांगावे, तेवढे सुचवावे.

परिचारिका, लातूर:
आमच्या नावावर खपवा. ‘सिस्टरने सध्या गर्दी नको म्हणून सांगितले आहे’ एवढे पुरेसे होते.