मदत हवी आहे : मुलुंड ते सीप्झ रोजचा प्रवास, कोणत्या सवयी बदलल्याने पेट्रोल खरोखर वाचते?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत मुलुंड पूर्वेला राहतो आणि अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीतील कार्यालयात रोज स्वतःच्या गाडीने जातो. गाडी २०१७ सालची, १२०० सीसीची, पेट्रोलवरची आणि हाताने गिअर बदलण्याची आहे. पूर्व द्रुतगती मार्गाने कांजूरमार्गपर्यंत आणि तिथून जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने पवईमार्गे, असा जाऊन-येऊन साधारण ३० किलोमीटरचा प्रवास होतो. मेट्रो ६ च्या कामामुळे पवईच्या पट्ट्यात गाडी चालते कमी आणि थांबते जास्त, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नकोच.

मी आजवर कधी ॲव्हरेज काढले नव्हते. मुलीला शाळेत घरातील कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याचा प्रकल्प मिळाला आणि गॅस, वीज झाल्यावर तिने गाडीचा आकडा मागितला, तेव्हा एकाच पंपावर, पहिल्या कटपर्यंत (नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरून दोनदा मोजले. लिटरला ११.४ किलोमीटर आले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो (लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असताना वायू इतका कसा, हे मी विचारले, तर जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो, हे तिनेच मला समजावले). त्या हिशेबाने कार्यालयाच्या २२ दिवसांत ५८ लिटर पेट्रोल आणि १३३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून साधारण ४२ किलो होतो. म्हणजे महिनाभराच्या स्वयंपाकाच्या तिपटीहून अधिक धूर मी एकटा, बहुतेक वेळा एकाच जागी उभा राहून काढतो.

माझे वडील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी चालवत असत आणि गाडी चालवायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून चौपाटीकडे उतरताना ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकत, आणि तीच सवय मलाही लागली आहे. ही सवय आजच्या गाडीत उपयोगाची आहे की नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की, सिग्नलला इंजिन बंद करावे असे सगळेच सांगतात. परंतु जिथे गाडी दर अर्ध्या मिनिटाला दोन फूट सरकते, तिथे वारंवार बंद-चालू केल्याने स्टार्टर आणि बॅटरी लवकर जाणार नाही का? मी सध्या काचा खाली करून एसी बंद ठेवतो, परंतु पवईतल्या धुळीने कार्यालयात पोहोचेपर्यंत शर्टाचा रंग बदलतो. हा त्रास सोसण्याजोगी बचत त्यातून होते का, हेही कोणी अनुभवाने सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या वडिलांचे त्या काळात चुकत नव्हते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल इंजिनात जाणाऱ्या जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन थोडेफार पेट्रोल ओढतच राही, त्यामुळे न्यूट्रलने काही थेंब वाचत असतील. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल फवारतो अशा गाडीत उलटे घडते. गिअर तसाच ठेवून पाय उचलला की उतारावरची चाके इंजिनला फिरवतात आणि संगणक इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बंद करतो. वेग बराच उतरेपर्यंत इंधन लागतच नाही. न्यूट्रल केले, की इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे वाचवण्यासाठी म्हणून आपण जे करता, त्यातूनच खर्च होतो. शिवाय घाटात किंवा पुलाच्या उतारावर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही जण उतारावर किल्ली फिरवून इंजिनच बंद करतात, ते तर कधीही करू नये. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत दोन्ही जातात.

सिग्नलविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्या आकाराचे इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खाते, आणि एसी चालू असेल तर त्याहून जास्त. थांबा दहा सेकंदांपेक्षा मोठा असेल, तर पुन्हा चालू करायला लागणारे इंधन त्यापेक्षा कमी असते. तरीही आपल्या गाडीत स्टार्ट-स्टॉपची (थांबताच इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची) सोय नसल्याने बॅटरी आणि स्टार्टर त्या कामासाठी बनवलेले नाहीत, म्हणून सरकत्या रांगेत हा खेळ करू नये. जिथे आकडे उलटे मोजणारा सिग्नल आहे आणि ४० च्या वर सेकंद उरले आहेत, तिथे मात्र निःसंकोच बंद करा.

सरकत्या रांगेचा उपाय निराळा आहे. पुढच्या गाडीला चिकटून चालण्याऐवजी तीनचार गाड्यांचे अंतर पडू द्यावे आणि पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, रांगेच्या वेगाने गाडी सावकाश चालू ठेवावी. आपण म्हणाल, त्या जागेत रिक्षा घुसते. घुसू द्या. पवईपासून सीप्झपर्यंत दहा रिक्षा घुसल्या, तरी आपण फार तर चाळीस-पन्नास मीटर मागे पडाल.

प्रतिसाद २

वरील उत्तर पटले. एसीविषयी एवढेच, की शहरातल्या वेगाला काचा खाली ठेवल्याने हवेचा अडथळा फारसा जाणवत नाही, त्यामुळे तिथे एसी बंद ठेवल्याने पेट्रोल वाचते हे खरे. परंतु धूळ खाऊन ते वाचवू नये. गाडी उन्हात उभी असेल तर आधी दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा. द्रुतगती मार्गावर काचा बंदच ठेवा, आणि ८० ऐवजी ६० ने चालवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

चाकांतली हवा तपासली आहे का? आपल्याकडे पंपावर प्रत्येक जण ‘बत्तीस’ (पीएसआय, हवेच्या दाबाचे एकक) सांगतो. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर खरा आकडा असतो, तो पाहावा, आणि हवा सकाळी, चाके थंड असताना भरावी. पूर्वीच्या ॲव्हरेजशी तुलना करताना हेही ध्यानात घ्या, की आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असल्याने लिटरमागचे अंतर थोडे घटतेच, तो दोष आपल्या पायाचा नव्हे.

प्रतिसाद ३

विषयाला धरूनच विचारतो : मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि मेट्रो ३ ने सीप्झ, असा मार्ग आता असताना रोज गाडी कशासाठी?

मूळ धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आईला आठवड्यातून तीन दिवस पवईला फिजिओथेरपीसाठी सोडावे लागते, त्यामुळे ते तीन दिवस गाडीला पर्याय नाही. उरलेले दोन दिवस मात्र मी लोकल आणि मेट्रोने जाऊ लागलो आहे. स्टिकरवर ३३ लिहिलेले आढळले. माझ्या चाकांत २६ ते २८ होती. न्यूट्रलची सवय सुटायला तीन आठवडे लागले. पुलाच्या उतारावर हात आपोआप गिअरकडे जाई.

पाच आठवड्यांनंतर त्याच पंपावर मोजले, तर १३.२ आले. बावीसही दिवस गाडी नेली असती तर ५० लिटर आणि ११५ किलो झाले असते. आता महिन्याला तेराच दिवस नेतो, म्हणून साधारण ६८ किलो होतील. आधीच्या १३३ शी ताडून पाहता सवयींनी १८ किलो वाचवले आणि उरलेले ४७ गाडी घरी ठेवल्याने वाचले. लोकल आणि मेट्रोच्या विजेचा वाटा त्यात धरलेला नाही. त्यासाठी मुलीने तक्त्यात वेगळा रकाना आखून ठेवला आहे.

एक शंका उरते. पाऊस सुरू झाल्यापासून समोरच्या काचेवर वाफ धरते आणि एसी बंद ठेवताच येत नाही. त्यातच जोडरस्त्यावर खड्डे पडू लागल्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाणे होत नाही. पुढच्या वेळी आकडा खाली आला, तर त्यातला एसीचा भाग किती आणि खड्ड्यांचा किती, हे वेगळे काढण्याची एखादी घरगुती रीत कोणाला ठाऊक आहे का?