तालुक्याच्या गावात वावर-प्लॉटचं काम : लोकांसाठी लिहायचं तर नेमकं कशावर?

जामचौरस्ता (समुद्रपूर, जि. वर्धा) – प्रश्न

जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यात वावराचे आणि ले-आउटमधल्या प्लॉटचे सौदे करतो. आठवड्याला एक छोटा लेख लिहायचा आणि व्हॉट्सअॅपवर फिरवायचा असं ठरवलं आहे. पण विषय शोधायला गेलं की सगळं फ्लॅटचंच निघतं. मॉड्युलर किचन, बाल्कनीतली झाडं, 'स्वप्नातलं घर'. आमच्याकडं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आपल्या धुऱ्याला (बांधाला) लागून असलेलं वावर पाहणारा शेतकरी, आणि हायवेजवळ प्लॉट शोधणारा नोकरदार. यांच्या कामाचं काय लिहावं? वर्षभर पुरतील इतके विषय निघतात का? आणि लिहिताना कायद्यात अडकू नये म्हणून काय सांभाळावं?

अर्जनवीस (वरोरा)

भाऊ, विषय शोधायला कुठं जायची गरज नाही. सातबारा समोर ठेवा आणि वरून खाली एकेक रकाना घ्या. एक रकाना म्हणजे एक लेख. सगळा सातबारा एकाच लेखात समजावून सांगायला जाऊ नका, कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

पहिला लेख क्षेत्रावर लिहा, कारण सर्वांत जास्त घोळ तिथंच होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलणी एकरात होते. 1.21 हे.आर. वाचून माणूस 'एक एकर एकवीस गुंठे' समजतो, म्हणजे दीड एकर आणि वर एक गुंठा. खरं तर ते जवळपास तीन एकर आहे. हिशोब असा द्या : 1 हेक्टर = 100 आर = 2.47 एकर. म्हणून 0.40 म्हणजे एक एकर, 0.81 म्हणजे दोन, 1.21 म्हणजे तीन, 1.62 म्हणजे चार, 2.02 म्हणजे पाच. 1 एकर = 40 गुंठे = 43,560 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा आणि आर 1,076 चौरस फुटांचा, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. मोठ्या क्षेत्रात आणि प्लॉटच्या हिशोबात तो फरक दिसतो. तुमच्या पूर्वेला भंडारा-गोंदियाकडं डिसमिल चालतं, ते एकराचा शंभरावा भाग, 435.6 चौरस फूट. हा तक्ता चित्र करून टाका. बाकी लेख विसरले तरी तेवढं चित्र लोक मोबाइलमध्ये ठेवतात.

दुसरा लेख पोटखराबावर. समजा एकूण क्षेत्र 1.62 आणि त्यात पोटखराब 0.12. भाव एकरी ठरला, पण कोणत्या क्षेत्रावर? इसारचिठ्ठीत ते लिहिलेलं नसलं तर विक्रीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात भांडण ठरलेलं. पोटखराब 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य भाग आणि 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामाला राखलेला भाग, हा फरकही त्याच लेखात येऊ द्या. 'अ'मधली जमीन कोणी मशागत करून वहितीत आणली असेल तर नोंद बदलून मिळू शकते, 'ब'चं तसं नाही.

तिसरा 'इतर अधिकार'. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनाच्या बंदीचा शेरा हे सगळं इथं सापडतं. कर्ज फेडलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं बेबाकी पत्र देऊन फेरफार घ्यावा लागतो. एवढं एक वाक्य लिहिलं तरी अर्ध्या वाचकांचं काम झालं.

नमुना 8 आणि 8अ यांचाही गोंधळ आहेच. 8अ महसूल खात्याचा, एका खातेदाराची त्या मौज्यातली सगळी जमीन त्यात दिसते. नमुना 8 ग्रामपंचायतीचा, घरटॅक्सच्या आकारणीचा. गावठाणातलं घर घेताना लोक नमुना 8 वर नाव चढलं की मालक झालो असं धरून चालतात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा कागद नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. तुमच्या कामाच्या कोणकोणत्या गावांत त्या मिळतात, त्याची यादी हाच एक लेख होतो.

आणि फेरफार. विक्री नोंदली म्हणजे सातबाऱ्यावर नाव आलं असं नसतं. पटवाऱ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि लांबतं. गिऱ्हाईक तुम्हाला फोन करून 'नाव कधी चढते' हेच विचारतं ना? मग लेखाचं नावही तेच ठेवा.

मिठपाणी (अकोट)

कागदाचं अर्जनवीसभाऊनं सांगतलंच, मी मातीचं अन् पाण्याचं सांगतो.

वावर घेणारा माणूस पयले पाणी पाह्यते. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा हाये. अकोट तालुक्यातच सातपुड्याच्या पायथ्याकडं केळी, संत्रा दिसते, अन् खाली नदीकडं आलं की बोअरचं पाणी खारं. भाव मात्र लोकं तालुक्याच्या नावानं विचारते. म्हणून 'पाण्याचा नमुना कसा द्यायचा' हा लेख आमच्याकडं चालते. मोटर थोडा वेळ चालू द्यायची, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं खंगाळायची, मग भरून प्रयोगशाळेत. अहवालात ई.सी. (पाण्यातल्या क्षाराचं माप) पाहायची. 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तं ते पाणी ओलिताले लय जोखमीचं, भारी काळ्या मातीत तं आणखीच. तुमच्याकडं खारपाण नाही, पण तुमचंही काही असंलच. कालव्याचं पाणी खरंच कुठवर पोचते, विहिरीले उन्हाळ्यात किती पाणी राह्यते, हे मौजावार लिहा.

प्लॉटवाल्यासाठी काळ्या मातीवर लिहा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडते, अन् उथळ पाया असला की भिंतीले तिरप्या चिरा जाते. पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागते, नाही तं अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुडाचे काँक्रीटचे खांब). प्लॉट स्वस्त पडला अन् पाया महाग पडला, हे घेणाऱ्याले आधी समजलं पाहिजे. शेजारी कोणाचं खोदकाम चालू असलं तं मुरूम किती फुटावर लागला तेवढं टेपनं मोजून फोटोसकट टाका.

फोटो ऑगस्टमधले पाहिजे. उन्हाळ्यात सगळाच पांदण रस्ता चांगला दिसते. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा अन् रस्त्याचा, नाल्याचा, ले-आउटमधल्या साचलेल्या पाण्याचा तारखेसकट फोटो घ्या. विकणारा नाराज होईल, होऊ द्या. घेणारा तुमचाच नंबर जपून ठेवते.

केळापूरकर (पांढरकवडा)

वरचं सगळं पटलं. पण कायद्याच्या विषयांत एक मोठा खड्डा आहे आणि बहुतेक जण त्यातच पडतात. पुण्या-मुंबईचा मजकूर उचलायचा नाही.

उदाहरण घ्या. 'शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येते का' हा विषय तुम्ही घेणारच. पुण्याकडच्या प्रत्येक लेखात 'कुळकायदा कलम 63' लिहिलेलं असतं. विदर्भाला तो कायदा लागूच नाही. आपल्याकडं महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, 1958 आहे, आणि तीच बंदी त्याच्या कलम 89 मध्ये आहे. वकिलाने तुमचा लेख वाचला आणि त्यात 63 दिसलं, तर पुढं तो वाचणार नाही.

तुमच्या पट्ट्यातच निघणारे आणि बाहेर कोणी न लिहिणारे विषय हे :

झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची म्हणून नोंदलेली जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात झुडपी जंगल हे वनच धरलं आहे. जुन्या अभिलेखात तसा शेरा असलेली जमीन कोणी प्लॉट पाडून दाखवली, तर गिऱ्हाइकाने कोणता कागद मागायचा हे लिहा. ताजा सातबारा पुरत नाही, जुने अभिलेख तहसीलमधून नक्कल काढून पाहावे लागतात. मालगुजारीच्या मुलखात (जिथं पूर्वी गावाचा सारा मालगुजार वसूल करायचा) निस्तार पत्रकही बघावं. चराई, स्मशान, गावरस्ता असे गावाचे हक्क त्यात असतात. आमच्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, म्हणून तो लेख तुम्हीच लिहायचा.

भूदान. विनोबांचं पवनार तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हा भूदानातली जमीन तुमच्यासमोर येणारच. ती नेहमीच्या विक्रीत धरायची नाही. भोगवटादार वर्ग 2 वर (शासनाच्या अटींवर धारण केलेल्या जमिनीवर) लिहिताना 'वर्ग 2 विकता येत नाही' असं सरसकट लिहू नका. परवानगीने विकता येणारी, नजराणा भरून वर्ग 1 होणारी, आणि अजिबात हात न लावायची, असे प्रकार वेगवेगळे आहेत. नोंद कोणत्या फेरफाराने वर्ग 2 झाली तो क्रमांक काढा आणि मग बोला.

आदिवासी खातेदाराची जमीन. जमीन महसूल संहितेचं कलम 36अ. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडं हस्तांतर होत नाही, विक्रीला शासनाचीही मान्यता लागते. 'नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर घेऊन टाका' असा सल्ला चौकात मिळतो. कलमात भाडेपट्टा आणि गहाणही येतं, हे स्पष्ट लिहा.

तुकडेबंदी. ऑगस्ट 2023 मध्ये जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडायचा नाही अशी मर्यादा) ठरलं, अकोला आणि रायगड वगळून. त्यानंतर 2024 आणि 2025 मध्ये जुने तुकडे नियमित करण्याचे नियम बदलत गेले. म्हणून अशा प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'अमुक तारखेपर्यंतची माहिती' लिहा आणि बदल झाला की तोच लेख दुरुस्त करा, नवा टाकू नका. जुना लेख व्हॉट्सअॅपवर दोन वर्षं फिरत राहतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. एन.ए.च्या (बिनशेतीच्या) लेखांनाही हेच.

रस्त्याचा विषय मात्र कधी शिळा होत नाही. धुऱ्यावरून नवा रस्ता मागायचा तर तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेचं कलम 143. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, आणि तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दोन्ही अर्ज वेगळे. लोक भलत्याच कलमाखाली अर्ज करतात आणि हंगाम निघून जातो.

प्लॉटनिशाणी (हिंगणा)

वावराच्या फेरविक्रीवर लिहिताना रेराचा (स्थावर मालमत्ता प्रकल्पांच्या कायद्याचा) संबंध नाही. पण एखाद्या ले-आउटचं नाव घेऊन लिहिलं की तो लेख राहत नाही, जाहिरात होते. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठापेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पात एजंटाने सौदा करायचाच नाही. नोंदणी असली तर प्रकल्पाचा क्रमांक, महारेराचं संकेतस्थळ आणि क्यूआर कोड (1 ऑगस्ट 2023 पासून) टाकायचा, शिवाय तुमचा स्वतःचा एजंट नोंदणी क्रमांक. तो नसेल तर आधी घ्या. व्यक्तीला शुल्क 10,000 रुपये, मुदत पाच वर्षं, आणि प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणीशिवाय काम केल्यास दिवसाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

'समृद्धीमुळं भाव दुप्पट', 'शक्तिपीठ इथूनच जाणार' असले महामार्गांच्या नावाचे मथळे टाळा. आखणी बदलते. महामार्गावर लिहायचंच तर मोजून सांगता येईल तेवढं लिहा. सर्वांत जवळचा इंटरचेंज कोणता आणि प्लॉटपासून तो रस्त्याने किती किलोमीटर. समृद्धीवर मधूनच चढता येत नाही, म्हणून महामार्ग प्लॉटवरून दिसतो की नाही याला काही अर्थ नाही.

जामचौरस्ता

भरपूर झालं, धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. वर्षाची आखणी कशी करू? आणि लेखात खरा सातबारा दाखवला तर चालतो का? कोणाचा का असेना, तो ऑनलाइन कोणालाही दिसतोच.

अर्जनवीस (वरोरा)

आखणी पिकाप्रमाणं करा. पाडव्याला मक्त्याची आणि सालगड्याची बोली होते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मक्त्याच्या लेखी करारावर लिहा : मुदत, रक्कम, पीकविमा कोणाच्या नावे, विहिरीची मोटर बिघडली तर खर्च कोणाचा. 1 एप्रिलला रेडीरेकनरचे दर पाहायचे, बदलले असोत की नसोत, तुमच्या दहा-बारा मौज्यांचे दर एका तक्त्यात द्या. मोजणीचा लेख डिसेंबर-जानेवारीतच टाका. मोजणीला मोकळं वावर लागतं, ते उन्हाळ्यात मिळतं, आणि अर्ज मे महिन्यात केला तर मोजणीचा माणूस येईपर्यंत पऱ्हाटी (कपाशी) उभी राहते. पावसाळ्यात मिठपाणीभाऊंचे फोटो आणि ई-पीक पाहणी. पितृपक्षात सौदे थंड असतात, तेव्हा वारस नोंद आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 85 ची वाटणी घ्या. दिवाळीनंतर अक्षय तृतीयेपर्यंत खरेदीचा हंगाम, तेव्हा इसारचिठ्ठी, बोजा, फेरफार.

सातबारा ऑनलाइन दिसतो हे खरं, पण लोक नाव वाचतात, रकाना नाही. अमुकच्या वावरावर बोजा आहे ही बातमी गावभर होते आणि तो माणूस तुमच्या दारात येतो. 15 रुपये भरून स्वतःच्या खात्याचा डिजिटल सातबारा काढा आणि त्यावर नाव, खाते क्रमांक, भूमापन क्रमांक झाका. सगळ्यात खाली पडताळणी क्रमांक असतो, तोही झाका, त्यावरून पूर्ण उतारा उघडतो. मोबाइलच्या मार्करने झाकू नका. तो अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. भरीव काळी पट्टी टाका, चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो टाका.