'चल', 'बरोबर' आणि डवऱ्याचा फेर

विचारणा
दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी सात-आठ पोरांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवतो. बीजगणितात व्हेरिएबलला 'चल' म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द घेतला. फळ्यावर लिहिलं: पोती = पोती + १. नववीतली एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, हे चूक हाय. दोन्हीकडची पोती काढली का शून्य बरोबर एक उरते." गणिताने तिचंच खरं. मग 'चल'ऐवजी काय म्हणावं? लूपसाठीही, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करण्यासाठीही, शब्द सुचवा.

प्रतिसाद
व्हेरिएबलच म्हणा. मोटारपंपाच्या स्टार्टरला कुणी मराठी शब्द शोधत बसलं नाही.

प्रतिसाद
घोळ 'चल'चा नाही, चिन्हाचा आहे. तुम्ही ते 'बरोबर' असं वाचलंत. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये ही दोन रेघांची खूण समानतेसाठी काढली. बरोब्बर चारशे वर्षांनी, १९५७ मध्ये, फोरट्रान या संगणकभाषेने तीच किंमत ठेवायला वापरली. अल्गोल आणि पास्कल या भाषांनी खुणेच्या आधी अपूर्णविराम लावून (:=) ती वेगळी केली, पण सी आणि पायथन फोरट्रानच्याच वाटेने गेल्या.

म्हणून उजवीकडून वाचायला लावा: "आहेत त्या पोत्यांत एक मिळव, आलेलं 'पोती' म्हणून ठेव." दोन बरोबर (==) आले की तो प्रश्न: "सारखे आहेत का?" 'इफ'मध्ये, म्हणजे अट तपासताना, चुकून एकच टाकलं तर पायथन तिथेच अडून सिंटॅक्स एरर (लिहिण्यातली चूक) दाखवतं, सी मात्र मुकाट पुढे जाते आणि रात्रभर जागवते.

जाता जाता: पायथन ३ ला 'पोती' हे देवनागरी नाव चालतं, पण कोडमधला देवनागरी १ चालत नाही. तरी मजकुराची संख्या करणाऱ्या 'इंट'ला अवतरणात १२ दिलं तर ते बारा ओळखतं!

विचारणारा
'ठेव' घेतला. मग व्हेरिएबलला 'डबा' म्हणू?

प्रतिसाद
डबा नोको बाप्पा, पोट्टे फसतीन. 'अ'मंधी एक लिस्ट (यादी) ठेवली अन् 'ब = अ' केलं. आता 'ब'मंधी अपेंड करा, म्हंजे शेवटी एक भर टाका, 'अ'मंधीबी दिसते. दोन डबे असते तर दिसलं असतं काय? बैल एकच हाय. आजी त्याले पवळ्या म्हणते, नातू राजा. पवळ्याले ढेप चारली तं राजाचंच पोट भरते. उद्या 'राजा' हे नाव दुसऱ्या गोऱ्ह्याले देल्लं, तरी पवळ्या हाय तिथंच. म्हून पायथनमंधी 'नाव ठेव' म्हणा. ('नावं ठेवा' नाही, ते गावात आपोआप होते.) सी शिकवसान तवा डबा काढा.

अन् लूपले 'फेर'. तण काढाच्या डवऱ्याचे तीन फेर म्हणतोच ना आपण? 'फॉर' म्हणजे तीन फेर मोजून. 'व्हाइल' म्हणजे तण हाय तोवर डवरा. अन् तण न काढता नुसते फिरत राह्यले तं फेर सरतच नाही. फेराच्या आत तास असते, थे झालं लूपमंधलं लूप. त्याच्या ओळी आणखी चार जागा आत सरकवा.

विचारणारा
'फेर' पोरांना एका दमात कळला. 'तास' म्हटलं की त्यांना शाळेची घंटा आठवते, तिथे 'ओळ' म्हणतो. पण 'फॉर'ला फेर मोजून देणाऱ्या रेंजला ३ दिल्यावर ०, १, २ छापून आलं आणि तीच पोरगी म्हणाली, "सर, पह्यल्या फेराचा नंबर शून्य, मंग त्याले पह्यला काऊन म्हणाव?" मराठीत 'शून्यावा' म्हणता येईल का?