मदत हवी आहे: बाळाच्या टॉर्च तपासणीत सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह

माझी मुलगी आज 12 दिवसांची आहे. जन्मतः वजन कमी भरलं, श्रवण चाचणीत उजव्या कानाचा प्रतिसाद आला नाही, म्हणून टॉर्च तपासणी (गर्भात आईकडून बाळाला होऊ शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) केली. सीएमव्ही या विषाणूविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं (संसर्गानंतर दीर्घकाळ रक्तात राहणारी) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या संसर्गात बनणारी) निगेटिव्ह. आयजीजी वारेतून आईकडून बाळात जातं, म्हणजे ते माझंही असू शकतं. पण आयजीएम निगेटिव्ह म्हणून संसर्ग नाहीच, असं धरता येत नाही ना? लघवीची पीसीआर (थेट विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) जन्मापासून 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. नंतर संसर्ग पोटातला की जन्मानंतरचा, हे सांगता येत नाही. नऊच दिवस उरलेत. इवल्याशा हातावर सुईची निळी खूण अजून आहे, पुन्हा टोचायला जीव धजत नाही. लघवीची पिशवी चिकटवली की सुटते. तुम्ही नमुना कसा घेतलात? लाळेची तपासणी कुणी केली आहे का? कृपया लवकर सांगा.